‘एक अविल द्या’ म्हणण्याआधी

वडखळ नाक्यावर मेडिकलच्या दुकानापुढे दहा मिनिटं उभे राहिलात तर एक वाक्य हमखास कानावर पडेल, "एक अविल द्या." कुणी रात्री कोळंबी खाल्ली आणि अंगावर पित्त उठलं. कुणाला गणपतीच्या कारखान्यात मूर्तीला पॉलिश पेपर मारताना शिंका सुटल्या. कुणाला शेतावर काहीतरी चावलं. कुणाला नुसतीच झोप येत नाही. सगळ्यांना गोळी मात्र एकच. दुकानदार कात्रीने पट्टीतल्या दोन गोळ्या कापून देतो. त्या तुकड्यावर बहुतेक वेळा ना औषधाचं पूर्ण नाव उरतं, ना किती मि.ग्रॅ. ते, ना मुदत. माणूस घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतो, गाडीला किक मारतो आणि हायवेला लागतो.

मला आज बोलायचं आहे ते या गोळी आणि गाडीच्या जोडीबद्दल. अविल वाईट औषध आहे, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ते वर्षानुवर्षं लिहून देत आलो आहे. पण "किती घ्यायची?" हा प्रश्न आपण फार अर्धवट विचारतो, आणि आम्ही डॉक्टरही त्याचं उत्तर फार अर्धवट देतो, असं माझं मत झालं आहे. ते का झालं, ते आधी सांगतो.

मीच लिहून दिलेली गोळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते. जोहे-हमरापूरकडच्या कारखान्यांतून मूर्ती मुंबईला पोचवणारा एक टेम्पोचालक संध्याकाळी दवाखान्यात आला. पस्तिशीचा, धडधाकट. दुपारी चिंबोऱ्या खाल्ल्या होत्या, आता पाठ, पोट, मांड्या सगळीकडे लाल गांध्या. घरी आमसुलाचं पाणी लावून झालं होतं, उपयोग नाही. श्वास व्यवस्थित, रक्तदाब ठीक, ओठ-जीभ सुजलेली नाही. मी फेनिरामिन, म्हणजे अविलमधलं औषध, २५ मि.ग्रॅ. दिवसातून तीन वेळा, दोन दिवस, असं लिहून दिलं. डोस पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर होता.

दोन प्रश्न मात्र मी विचारले नाहीत. "आज रात्री गाडी चालवणार आहात का?" आणि "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

त्याने गोळी घेतली, खाज थांबली, रात्री अकराला टेम्पो काढला. नाक चोंदलं होतं म्हणून जेवायला थांबला तिथे सर्दीची एक गोळीही घेतली. पहाटेच्या सुमारास रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर टेम्पो चढला. त्याचं मनगट मोडलं, मागच्या बऱ्याच मूर्ती फुटल्या. समोर माणूस नव्हता, हे नशीब.

पुढे तो भेटायला आला तेव्हा मनगटापेक्षा मूर्तींचंच त्याला जास्त लागलं होतं. पण त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "डॉक्टर, देवाशपथ सांगतो, डोळा लागला नव्हता. ढीग दिसत होता मला. ब्रेक मारायचाय हे सुचायलाच वेळ लागला."

अपघात गोळीमुळेच झाला, असं मी सिद्ध करू शकत नाही. रात्रीची वेळ, सीझनची धावपळ, अपुरी झोप, सगळंच होतं. पण माझं प्रिस्क्रिप्शन त्यात होतं, हेही मी नाकारू शकत नाही. तेव्हापासून मी डोसची व्याख्या बदलली. डोस म्हणजे नुसता मि.ग्रॅ.चा आकडा नव्हे. या जातीचं औषध तुमच्या पोटात आधीच किती आहे, तुमचं वय आणि आजार कोणते, आणि पुढचे बारा तास तुम्ही काय करणार आहात, या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही.

ही गोळी नेमकं करते काय?

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्या भाषेत ‘पित्त’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या त्रासांना वापरतात. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, हे एक पित्त. अंगावर लाल, खाजऱ्या गांध्या उठणं, हे दुसरं. त्याला शीतपित्तही म्हणतात. अविल दुसऱ्या पित्ताची गोळी आहे, पहिल्याची नाही. "डॉक्टर, पित्त झालं म्हणून अविल घेतली," असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, "पोटातलं की अंगावरचं?" ॲसिडिटीसाठी अविल घेऊन दिवसभर पेंगणारे लोक मी पाहिले आहेत.

अंगावर गांध्या उठतात, नाकातून पाणी येतं, डोळे खाजतात, त्यामागे शरीरातलं हिस्टामिन नावाचं रसायन असतं. ते कातडीत, नाकात सुटलं की सूज आणि खाज येते. त्याला अडवणारी औषधं म्हणजे अँटिहिस्टामिन. १९४० च्या दशकात ती वापरात आली आणि त्यांच्या शोधातल्या कामासह इतर संशोधनासाठी डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं.

अडचण अशी, की हेच हिस्टामिन मेंदूत वेगळं काम करतं. तिथे ते आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात. म्हणून झोप येते. ही झोप म्हणजे औषध चांगलं लागू पडल्याची खूण नव्हे. खाज कातडीत थांबते, आणि मेंदूतला दिवा मंदावतो तो वेगळा.

या जुन्या पिढीत फेनिरामिन (अविल), क्लोरफेनिरामिन (ज्याला सगळे सीपीएम म्हणतात), डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन (फेनरगन), हायड्रॉक्सिझिन (ॲटारॅक्स) आणि सायप्रोहेप्टाडिन ही औषधं येतात. यातलं सायप्रोहेप्टाडिन काही जण ‘भूक लागायची गोळी’ म्हणून घेतात. तेही याच घरातलं. नव्या पिढीत सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही औषधं आहेत. ती मेंदूत फार कमी शिरतात. जपानमधल्या तोहोकु विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचे खास स्कॅन काढून हे मोजलं आहे. जुनी औषधं मेंदूतल्या हिस्टामिनच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त जागा अडवू शकतात. फेक्सोफेनाडिन जवळजवळ एकही नाही. सेटिरिझिन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं, म्हणून काही जणांना त्यानेही थोडी गुंगी येते.

"मला अविलने झोप येत नाही"

हे वाक्य मला ड्रायव्हर, शिफ्टमध्ये काम करणारे कामगार आणि कॉलेजची मुलं, सगळे ऐकवतात. त्यांना मी २००० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगतो.

ॲलर्जीचा त्रास असलेल्या ४० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. वेगवेगळ्या दिवशी त्यांना डायफेनहायड्रामिन ५० मि.ग्रॅ., फेक्सोफेनाडिन ६० मि.ग्रॅ., दारू किंवा नुसती खोटी गोळी दिली. दारू किती? रक्तातलं प्रमाण साधारण ०.१ टक्के होईल इतकी, म्हणजे १०० मि.लि. रक्तात १०० मि.ग्रॅ. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा ३० मि.ग्रॅ. आहे. म्हणजे ही दारू आपल्या कायद्याच्या तिपटीहून जास्त होती. निकाल काय लागला? गाडी सर्वांत वाईट चालवली गेली ती डायफेनहायड्रामिनच्या दिवशी. दारूच्या दिवशीपेक्षाही वाईट.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. "तुम्हाला किती झोप येतेय?" असं त्या लोकांना विचारलं होतं. त्यांच्या उत्तराचा आणि प्रत्यक्ष गाडी किती बिघडून चालली याचा नीट मेळ बसला नाही. झोप येत नाही असं वाटणं ही हात-पाय-डोळे वेळेवर चालतील याची खात्री नाही. माझ्या टेम्पोवाल्याने सांगितलं तेही नेमकं हेच होतं.

आणखी एक. "रात्री घेतली होती, आता सकाळ झाली," हा हिशोबही फसवा आहे. क्लोरफेनिरामिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात साधारण वीस तास लागू शकतात. रात्री अकराला घेतलेली गोळी सकाळी सहाच्या शिफ्टला तुमच्याबरोबर कंपनीच्या गेटमधून आत जाते. क्रेन, वेल्डिंग, उंचीवरचं काम, करवत, भातगिरणीचा पट्टा, सगळीकडे ती बरोबर असते.

कलम १८५ मध्ये दारूबरोबर ‘औषधाच्या अंमलाखाली’ गाडी चालवण्याचाही उल्लेख आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पण कायद्याची भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. दारू पिऊन स्टिअरिंगला हात लावणार नाही अशी शपथ घेतलेला माणूसही अविल घेऊन बिनधास्त निघतो, ते फक्त माहीत नसल्यामुळे.

मग मोठ्या माणसाने किती घ्यायची?

खालचे आकडे १८ ते ६० वयाच्या, मूत्रपिंड आणि यकृत ठीक असलेल्या माणसासाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा डोस दिला असेल तर त्यांचंच ऐका.

• फेनिरामिन (अविल): सुरुवात २५ मि.ग्रॅ.ने. गरज असेल तर दिवसातून दोन ते तीन वेळा. या गोळ्या २५ आणि ५० अशा दोन ताकदींत मिळतात, त्यामुळे ‘एक अविल’ म्हणजे नेमकी किती, हे आधी बघा. माझा नियम असा, की २४ तासांत ७५ मि.ग्रॅ.च्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

• क्लोरफेनिरामिन (सीपीएम): ४ मि.ग्रॅ., दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. २४ तासांत २४ मि.ग्रॅ. ही कमाल मर्यादा. वयस्कर माणसात १२ मि.ग्रॅ. कमाल म्हणजे टोक. तिथवर जायलाच हवं असं नाही.

• डायफेनहायड्रामिन: एका वेळी २५ ते ५० मि.ग्रॅ., २४ तासांत जास्तीत जास्त ३०० मि.ग्रॅ. आपल्याकडे ते बहुधा खोकल्याच्या औषधातून पोटात जातं. काही सिरपमध्ये ५ मि.लि.त सुमारे १४ मि.ग्रॅ. असतं. बाटली तोंडाला लावून घोट घेणाऱ्याने हा हिशोब करून पाहावा. मोजमापाचं झाकण शोभेला दिलेलं नसतं.

• प्रोमेथाझिन: साधारण २५ मि.ग्रॅ., शक्यतो रात्रीच. गाडी लागते म्हणून घेणाऱ्या प्रवाशाला ते चालेल, गाडी चालवणाऱ्याला नाही.

• हायड्रॉक्सिझिन: डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाहीच. युरोपच्या औषध नियामकांनी २०१५ साली हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे मोठ्या माणसांना दिवसाला १०० मि.ग्रॅ. आणि वयस्करांना ५० मि.ग्रॅ. अशी मर्यादा घातली.

नव्या पिढीत तुलनेने सोपं आहे: सेटिरिझिन १० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, लिव्होसेटिरिझिन ५ मि.ग्रॅ. एकदा, लोराटाडिन १० मि.ग्रॅ. एकदा, फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८० मि.ग्रॅ. एकदा. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते नीट शोषलं जात नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो.

एक डोस विसरला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. खाज थांबली नाही म्हणून तासाभरात दुसरी गोळी टाकू नका. गोळीला काम करायला वेळ लागतो. दुसरी गोळी खाजेपेक्षा गुंगीच जास्त वाढवते.

खरी चूक बेरजेत असते

मोठ्या माणसांत अँटिहिस्टामिन जास्त होतं ते सहसा मूठभर गोळ्या खाल्ल्यामुळे नाही. ते तीन-चार वेगवेगळ्या नावांनी पोटात जातं.

समजा तुम्हाला सर्दी-खोकला झाला. मेडिकलमधून सर्दीची तयार गोळी आणली. तशा अनेक गोळ्यांत पॅरासिटामोल आणि फिनाइलेफ्रिनबरोबर क्लोरफेनिरामिन २ मि.ग्रॅ. असतं. दिवसातून तीन, म्हणजे ६ मि.ग्रॅ. खोकल्याचं सिरप आणलं. काही सिरपमध्ये ५ मि.लि.त क्लोरफेनिरामिन २ मि.ग्रॅ. असतं. दहा-दहा मि.लि. तीन वेळा, म्हणजे १२ मि.ग्रॅ. झाले १८. शिंका थांबेनात म्हणून मागच्या वेळची ॲलर्जीची गोळी घरात होती, ती रात्री घेतली, त्यात लिव्होसेटिरिझिन. अंग खाजलं म्हणून वर एक अविल.

तुमच्या लेखी ही सर्दीची, खोकल्याची, ॲलर्जीची आणि खाजेची अशी चार औषधं. तुमच्या मेंदूच्या लेखी एकच औषध, चार वेळा. शिवाय ताप आला म्हणून वेगळी पॅरासिटामोल घेतली तर तीही दुप्पट होते, आणि तिचा भार यकृतावर पडतो.

म्हणून नाव वाचा. ब्रँडचं मोठ्या अक्षरातलं नव्हे, त्याखालचं बारीक अक्षरातलं. वर दिलेल्या जुन्या पिढीतलं एखादं नाव दोन ठिकाणी दिसलं तर त्यातलं एक बाजूला ठेवा आणि विचारा.

याच बेरजेत दारू, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, फिट्सच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्याही धरायच्या. संध्याकाळी दोन पेग आणि रात्री अविल, ही जोडी मी अनेकांच्या तोंडून सहजपणे ऐकली आहे. यात दोन आणि एक मिळून तीन होत नाहीत, पाच होतात.

कुणी जास्त जपायचं?

एका घरातून सत्तरी ओलांडलेल्या आजींना मुलगा माझ्याकडे घेऊन आला. दोन दिवसांपासून त्या असंबद्ध बोलत होत्या, रात्री उठून चूल पेटवायला जात होत्या, नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारत होत्या. घरात कुणी वेड म्हणालं, कुणी बाहेरचं काही लागलं म्हणालं. पिशवीतली औषधं टेबलावर ओतायला सांगितली. पावसाळ्यात पायाला खाज म्हणून रोज रात्री अविल, आणि चार दिवसांपासून सर्दीच्या गोळ्या दिवसातून तीनदा. दोन्ही बंद केलं, बाकी तपासण्या केल्या, लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी आजींनी मला विचारलं, "डॉक्टर, माझा चष्मा कुठे ठेवला यांनी?" नातवाचं नावही बरोबर घेतलं.

ही जुनी औषधं शरीरातली ओल आणि हालचाल दोन्ही कमी करतात. तोंड कोरडं पडतं, शौच घट्ट होते, लघवी अडते, नजर धूसर होते, आणि म्हातारपणी मेंदू गोंधळतो. तोल जाऊन पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा त्याचाच पुढचा टप्पा. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धांना टाळाव्यात अशा औषधांची जी यादी केली आहे, तिच्यात ही जुनी अँटिहिस्टामिन आहेत. पासष्टीच्या पुढे माझा सल्ला सरळ आहे: अविल, सीपीएम स्वतःहून घेऊ नका.

प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, फिट्स, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, जुनाट बद्धकोष्ठता, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवती आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रियांनीही विचारावं. आणि हा लेख मोठ्यांसाठी असला तरी एक सांगतोच: लहान मूल झोपावं म्हणून, किंवा प्रवासात त्रास देऊ नये म्हणून, त्याला या गोळीचा तुकडा कधीही देऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलं आहे.

जिथे अविल पुरी पडत नाही

कितीही डोस घेतला तरी काही ठिकाणी ही गोळी उत्तर नसते. तिथे जास्त गोळ्या घेण्यात वेळ जातो, आणि वेळच महागात पडतो.

अंगावर पित्त उठण्याबरोबर श्वास लागला, आवाज घोगरा झाला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर ती साधी ॲलर्जी राहिलेली नाही. तिथे जीव वाचवणारं औषध म्हणजे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. अविलने ते काम होत नाही. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात पोचा, "गोळी दिलीय, बघू अर्धा तास" असं करू नका.

विंचू आणि सापाचंही तसंच. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या विषावर जे काम केलं ते जगभर वाचलं गेलं. त्या विषाने हृदयावर ताण येतो, आणि तिथे प्राझोसिन हे अगदी वेगळ्या जातीचं औषध उपयोगी पडतं, हे त्यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये मांडलं. विंचवाच्या विषाला अविल उतारा नाही. सापाच्या विषाला तर प्रतिसर्पविषच लागतं. साप चावल्यावर घरात गोळी शोधण्यात गेलेली पाच मिनिटं पाच मिनिटंच नसतात.

तिसरी गोष्ट नायटा आणि खरजेची. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत जांघेत, कमरेला, बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. ती बुरशीची किंवा किड्याची असते. अविलने खाज तासभर दबते, मूळ तिथेच राहतं आणि घरभर पसरतं. महिनोन्‌महिने रोज अविल घेणाऱ्यांत मला हेच रुग्ण जास्त दिसतात.

चौथी गोष्ट झोपेची. पहिल्या दोन-तीन रात्री झोप लागते, मग मेंदू सरावतो आणि गुण ओसरतो. कोरडं तोंड आणि सकाळची सुस्ती तेवढी मागे राहते. म्हणून माणूस एकाच्या दोन करतो. झोप न येण्याचं कारण शोधायला हवं. अविल ही झोपेची गोळी नाही.

जास्त झाली तर

चुकून किंवा कुठल्याही कारणाने जास्त गोळ्या गेल्या आणि माणूस फार पेंगतोय, बरळतोय, अंग गरम आणि कोरडं पडलंय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, छाती धडधडतेय, लघवी होत नाही किंवा झटका आला, तर थेट रुग्णालय. लक्षणं नसली तरी जास्त गोळ्या गेल्या हे नक्की असेल तरी जा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. रिकामी पट्टी, बाटली बरोबर न्या. आणि गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर घरच्यांनी ते लपवू नये. आम्हाला उपचार करायचे असतात, निवाडा नाही.

आता माझं म्हणणं

"आम्ही वर्षानुवर्षं घेतोय, काही झालं नाही," असं तुम्ही म्हणाल. बऱ्याच जणांना खरोखरच काही होत नाही. हेल्मेट न घालणारेही बहुतेक जण रोज घरी पोचतात. "डॉक्टरांकडे रांग, फी, अर्धा दिवस जातो," असंही म्हणाल. तेही खरं आहे. प्रत्येक शिंकेला दवाखान्यात या असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण दिवसा घ्यायची वेळ आली तर जुन्या पिढीऐवजी नव्या पिढीतली गोळी मागा, इतकं तर सहज जमेल. सेटिरिझिन, लोराटाडिन आता महाग राहिलेली नाहीत. अविलला रात्रीची, घरातली, एक-दोन दिवसांची जागा ठेवा. आणि ती घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

औषधविक्रेत्यांना माझी विनंती आहे. औषध नियम, १९४५ च्या परिशिष्ट ‘जी’मध्ये ही अँटिहिस्टामिन आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर असतो. पट्टी कापली की तो इशाराच कापला जातो. दोन गोळ्या द्यायच्याच असतील तर छोट्या कागदी पाकिटात द्या, त्यावर नाव आणि मि.ग्रॅ. लिहा, आणि एक प्रश्न विचारा: "गाडी चालवणार का?"

आणि आम्ही डॉक्टर. सर्वांत मोठा वाटा आमचा आहे. सर्दी म्हटलं की हात आपोआप सीपीएम लिहितो. मोठ्या माणसाच्या साध्या सर्दीत नुसत्या अँटिहिस्टामिनने पहिल्या एक-दोन दिवसांपलीकडे फारसा फरक पडत नाही, हे आम्हाला माहीत असतं, तरी लिहितो. हायवेवरच्या गावात दवाखाना घालून बसलेल्या माणसाने गाडीबद्दल विचारू नये, ही चूक मी केली आहे. आता माझ्या टेबलावरच्या काचेखाली तोच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, मलाच दिसेल असा.

त्या टेम्पोवाल्याचं मनगट जुळलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा मूर्ती घेऊन गेला. जाण्याआधी दवाखान्यात डोकावून म्हणाला, "डॉक्टर, यंदा चिंबोरी बंद, आणि अविल पण." चिंबोरीचं तर मी सांगितलंच होतं. दुसरं त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार आणि चालू औषधं पाहून नेमका डोस तुमचे डॉक्टरच ठरवू शकतात.)